एका मुळीचें ऋण
(चिनी वैद्य ली शिझेन याचें चरित्र)

पावसाळा सरला म्हणजे आपल्या डोंगरांच्या उतारांवर नाना जातींच्या वनस्पति माजलेल्या दिसतात. त्यांपैकीं ज्यांचें नांव आपणांस ठाऊक असतें त्या तेवढ्या आपल्या ओळखीच्या; बाकी सर्वांस आपण सरसकट रानगवत म्हणतों आणि पायांखालीं तुडवून पुढें जातों. अशाच एका रानांतल्या मुळीनें चीन देशांतील एका तरुणाचे प्राण वांचविले, आणि त्या तरुणानें आपलें पुढील आयुष्य प्रत्येक मुळीला तिचें खरें नांव मिळवून देण्यांत खर्ची घातलें. त्याचें नांव ली शिझेन. चरक आणि सुश्रुत यांचीं नांवें आपल्याकडे जशा आदरानें घेतलीं जातात, तशाच आदरानें त्याचें नांव चीन देशांत घेतलें जातें. विद्यार्थिमित्रहो, त्याचें चरित्र आपणांसही वाचण्याजोगें आहे. कारण तो आपल्यासारखाच एक विद्यार्थी होता, आणि तोही परीक्षेंत नापास झालेला.

ली शिझेन याचा जन्म इ. स. १५१८ मध्यें हूबै प्रांतांतील छीचौ या गांवीं झाला. त्या वेळीं चीनमध्यें मिंग घराण्याचें राज्य होतें. इकडे विजयनगरांत कृष्णदेवराय सिंहासनावर होता, आणि गोवें पोर्तुगीजांच्या हातीं जाऊन आठ वर्षें झालीं होतीं. छीचौ गांव यांगत्से या महानदीच्या कांठचें. गांवालगत एक विस्तीर्ण सरोवर होतें. त्याच्या नांवाचा अर्थ पर्जन्यसरोवर असा होतो. या सरोवरावर शिझेनचें फार प्रेम होतें. पुढें त्यानें स्वतःस जें उपनांव घेतलें, त्याचा अर्थही सरोवरकांठचा रहिवासी असाच आहे.

त्याच्या घराण्यांत वैद्यकी पिढीजात होती. आजोबा हातांत घंटा घेऊन खेडोपाडीं फिरणारे वैद्य होते. घंटेचा नाद ऐकला कीं लोक आपले रोगी दाराशीं आणीत. वैद्य नाडी पाहून पडशींतून चार मुळ्या काढून देई व पुढच्या वाटेस लागे. वडील ली येन्वेन हे गांवांतच स्थिर होऊन वैद्यकी करूं लागले आणि विद्वान् वैद्य म्हणून त्यांचा लौकिक झाला. जिनसेंग या प्रसिद्ध मुळीवर व छीचौच्या परिसरांत होणाऱ्या, आपल्या दवण्याच्या जातीच्या, एका सुगंधी वनस्पतीवर त्यांनीं स्वतंत्र निबंध लिहिले होते. ही दुसरी वनस्पति सुकवून तिच्या पानांचा कापूस करितात व तो रोग्याच्या अंगाजवळ जाळून शेक देतात. ही चिनी वैद्यकांतली फार जुनी रीत आहे. अशा घरांत वाढलेल्या मुलास झाडपाल्याची ओळख निराळी करून द्यावी लागली नाहीं. घराच्या अंगणांत वाळत पडलेल्या मुळ्या व साली हींच त्याचीं खेळणीं होतीं.

तथापि आपल्या मुलानें वैद्य व्हावें असें वडिलांस वाटत नव्हतें. त्या काळीं चीनमध्यें वैद्याचा धंदा हलका समजला जात असे. जो सरकारी परीक्षा उत्तीर्ण होऊन अधिकारी होई, त्यालाच समाजांत मान असे. प्राचीन ग्रंथ मुखोद्गत करून त्यांवर नियमबद्ध निबंध लिहिणें हें या परीक्षेचें स्वरूप होतें. शिझेन चौदाव्या वर्षीं पहिली परीक्षा उत्तीर्ण झाला, तेव्हां घरच्या मंडळींस मोठा आनंद झाला असेल यांत शंका नाहीं. परंतु पुढची प्रांतिक परीक्षा वूचांग शहरीं होई, आणि तीही तीन तीन वर्षांनीं एकदां. त्या परीक्षेस तो तीन वेळां बसला आणि तिन्ही वेळां नापास झाला. तिसरें अपयश इ. स. १५४० मधलें. नऊ-दहा वर्षांची मेहनत अशी वायां गेली.

या अपयशांच्या काळांतच त्याच्यावर एक मोठें संकट आलें. वयाच्या विसाव्या वर्षीं त्याला सर्दी होऊन खोकला जडला. खोकल्याकडे दुर्लक्ष झालें व त्याचें रूपांतर तापांत झालें. अंग विस्तवासारखें पोळूं लागलें, दिवसाकाठीं वाटीभर कफ पडूं लागला, तहानेनें जीव कासावीस होऊं लागला, झोंप व अन्न हीं दोन्ही तुटलीं. तापावरचीं म्हणून प्रसिद्ध असलेलीं अनेक औषधें देण्यांत आलीं. महिना लोटला, पण दुखणें उतरण्याऐवजीं वाढतच गेलें. हा मुलगा आतां हातीं लागत नाहीं असें सर्वांस वाटूं लागलें. अशा वेळीं वडिलांस सुमारें तीनशें वर्षांपूर्वीं होऊन गेलेल्या ली तुंगयुआन नांवाच्या वैद्याचा एक पाठ आठवला. फुप्फुसांतील दाह शमविण्यास त्यानें अनेक औषधांचें मिश्रण न सांगतां एकाच मुळीचा काढा सांगितला होता. वडिलांनीं ती मुळी सुमारें तीन तोळे घेतली, दोन पेले पाण्यांत उकळून तें एक पेला उरविलें आणि मुलास एका वेळीं पाजलें. दुसऱ्या दिवशीं अंगाचा दाह नाहींसा झाला. पुढें खोकला व कफही बरे झाले. हा सर्व वृत्तांत शिझेन यानें आपल्या ग्रंथांत त्या मुळीच्या प्रकरणीं स्वतःच नमूद करून ठेविला आहे. त्याचा तो आजार नेमका कोणता होता हें आज सांगतां येत नाहीं. परंतु त्याच्या मनावर उमटलेला ठसा जन्मभर टिकला, हें मात्र त्याच्या लिहिण्यावरून स्पष्ट दिसतें.

त्या मुळीचें चिनी नांव हुआंगछिन. हुआंग म्हणजे पिवळा. ही वनस्पति आपल्या तुळशीच्या कुळांतली आहे. उत्तर चीन, मंगोलिया व सैबेरियांतील बैकल सरोवराचा प्रदेश येथील कोरड्या, गवताळ उतारांवर ती आपोआप उगवते. उंची हात-दीड हात, पानें अरुंद व समोरासमोर, आणि उन्हाळ्यांत शेंड्याकडे एकाच बाजूस वळलेलीं निळसर जांभळीं फुलें. हिंवाळ्यांत वरचा भाग वाळून जातो, पण जमिनींतील मूळ जिवंत राहतें आणि वसंत ऋतु आला कीं त्यांतून नवे कोंब फुटतात. वर्षानुवर्षें असें चालतें. मूळ जाड, खालीं निमुळतें, आणि मोडून पाहिलें तर आंतून पिवळें धमक. तें फार जुनें झालें म्हणजे आंतून पोखरल्यासारखें पोकळ होतें. कोंवळें भरींव मूळ व जुनें पोकळ मूळ यांचे गुण निरनिराळे, असें चिनी वैद्य मानीत, आणि शिझेनच्या वडिलांनीं त्यांतलें जुनें मूळच योजिलें होतें. तेव्हां नुसतें झाडाचें नांव ठाऊक असून भागत नाहीं. त्याचा कोणता भाग, किती वयाचा, केव्हां खणलेला, हेंही कळावें लागतें. हा धडा शिझेन आजारीपणाच्या अंथरुणावर शिकला.

तिसऱ्या अपयशानंतर त्यानें परीक्षेचा नाद सोडला आणि वडिलांची संमति मिळवून वैद्यकीचा अभ्यास आरंभिला. पुढील दहा वर्षें तो घराच्या उंबरठ्याबाहेर न पडतां ग्रंथ वाचीत राहिला, असें त्याचे जुने चरित्रकार सांगतात. यांत थोडी अतिशयोक्ति असेल, परंतु त्याचें वाचन अफाट होतें हें खरें. वैद्यकीचेच नव्हेत, तर इतिहास, काव्य, भूगोल, शेती या विषयांचेही ग्रंथ त्यानें वाचले. कारण एखाद्या झाडाचा उल्लेख कोठें सांपडेल याचा नेम नसतो.

लवकरच त्याची कीर्ति आसपास पसरली. छीचौ येथें राहणाऱ्या एका राजकुलांतल्या सरदाराच्या नातवास विचित्र खोड जडली होती. दिव्याच्या वातीवर जी काजळी धरते ती तो खाई, आणि तिचा नुसता वास आला तरी ती मिळेपर्यंत रडून आकांत करी. शिझेन यानें हें पोटांतील जंतांचें लक्षण आहे असें निदान केलें आणि जंतावरच्या गोळ्या देऊन मुलास बरें केलें. पुढें वूचांग येथील राजपुत्रानें त्यास आपल्या पदरीं ठेवून घेतलें, आणि त्याच्या शिफारशीवरून पेकिंग येथील बादशाही वैद्यशाळेंत त्याची नेमणूक झाली. खेड्यांतून घंटा वाजवीत फिरणाऱ्या वैद्याच्या नातवास याहून मोठा मान तो कोणता! परंतु तेथें तो सुमारें एक वर्षच राहिला व नोकरी सोडून गांवीं परतला.

राजधानींतील हवा त्याला मानवली नसावी, याचें कारण शोधण्यास दूर जावें लागत नाहीं. त्या काळीं गादीवर असलेला च्याचिंग बादशहा अमर होण्याच्या नादीं लागला होता. पारा व इतर खनिजें यांपासून केलेल्या गुटिका खाऊन मनुष्य अजरामर होतो, असें सांगणाऱ्या मांत्रिकांची दरबारांत चलती होती. जुन्या औषधिग्रंथांतही पारा निर्विष आहे, तो सतत सेवन केल्यानें सिद्धि मिळते, असें लिहिलेलें होतें. शिझेन यानें आपल्या ग्रंथांत पारा हें विष आहे असें निःसंदिग्धपणें सांगितलें, आणि अमरत्वाच्या लोभानें तो खाऊन गेल्या कित्येक शतकांत किती लोक प्राणांस मुकले याची गणती नाहीं, असा इशारा दिला. ज्या गोष्टीवर राजाची श्रद्धा, ती खोटी आहे असें ग्रंथांत लिहून ठेवण्यास केवळ विद्वत्ता पुरत नाहीं. अंगीं धैर्यही असावें लागतें.

जुन्या ग्रंथांतील हें एकच वैगुण्य नव्हतें. चीनमधील औषधिग्रंथांची परंपरा हजार-दीड हजार वर्षांची. प्रत्येक नवीन ग्रंथकार मागच्याचें सारें उतरून घेई व त्यांत आपली भर घाली. मागची चूक कोणी काढून टाकीत नसे. एकाच वनस्पतीस दोन नांवें असल्यामुळें ती दोन ठिकाणीं दोन वनस्पति म्हणून आलेली होती. उलट दोन निराळ्या वनस्पति एका नांवाखालीं एकत्र झाल्या होत्या. आलें हें भाजींत न घालतां गवतांत घातलें होतें, आणि सुपारी फळांत न घालतां वृक्षांत. हा घोटाळा नुसता पुस्तकी नव्हता. वैद्य पुस्तक वाचून नांव लिहून देई, दुकानदार त्या नांवानें आपल्याजवळ जें असेल तें बांधून देई, आणि भोग मात्र रोग्याच्या वांट्यास येई. आपल्याकडेही ब्राह्मी म्हटली तर कोणी एक वनस्पति देतो व कोणी दुसरीच देतो, हें ज्यांना औषधें आणण्याचा प्रसंग आला असेल त्यांस ठाऊक असेलच. ज्याचे प्राण एका मुळीच्या अचूक ओळखीमुळें वांचले होते, त्याला चुकीच्या नांवाचें भय इतरांपेक्षां अधिक वाटावें हें स्वाभाविक आहे.

म्हणून इ. स. १५५२ मध्यें, वयाच्या चौतिसाव्या वर्षाच्या सुमारास, त्यानें सर्व औषधिद्रव्यांचा एक नवा, शुद्ध ग्रंथ लिहिण्यास आरंभ केला. असें काम वास्तविक राजाश्रयानें व्हावयाचें. इ. स. १५०५ मध्यें बादशाही आज्ञेनें तसा एक ग्रंथ तयारही झाला होता. परंतु तो छापला न जातां राजवाड्यांतच पडून राहिला. शिझेन यानें तें काम एकट्यानें अंगावर घेतलें. आठशेंहून अधिक ग्रंथ त्यानें धुंडाळले. पण ग्रंथांनीं शंका फिटत ना, उलट वाढत. तेव्हां पाठीवर टोपली व हातांत कुदळ घेऊन तो डोंगर-दऱ्या हिंडूं लागला. पांग शिएन नांवाचा शिष्य व स्वतःचे मुलगे यांस बरोबर घेऊन त्यानें आपला प्रांत व आसपासचे प्रांत पालथे घातले. शेतकरी, कोळी, लांकूडतोडे, पारधी, गारुडी हे त्याचे गुरु झाले. परीक्षेच्या दिवाणखान्यांत ज्यांना प्रवेश नव्हता, अशा माणसांपाशीं त्याच्या प्रश्नांचीं उत्तरें होतीं.

त्याच्या शोधाची रीत कशी होती हें एक-दोन उदाहरणांवरून कळून येईल. खवल्या मांजर हा प्राणी आपल्या कोंकणांतही आहे. तो खवले उघडून मेल्याचें सोंग घेऊन पडतो, मुंग्या आंत शिरल्या कीं खवले मिटतो, आणि मग पाण्यांत जाऊन त्या खातो, असें एका जुन्या ग्रंथकारानें लिहिलें होतें. शिझेन यानें त्या प्राण्याचें पोट चिरून पाहिलें. आंत जवळ जवळ शेरभर मुंग्या निघाल्या. मुंग्या हें त्याचें अन्न, एवढी गोष्ट यानें डोळ्यांनीं पाहून पक्की केली. छीचौचा एक विषारी सर्प वातरोगावर उत्तम म्हणून प्रसिद्ध होता, आणि सरकारांतून त्याची मागणी येई. बाजारांत मात्र नदीपलीकडच्या डोंगरांतले सर्प त्याच नांवानें खपत. शिझेन यानें खऱ्या सर्पाच्या दोन्ही अंगांवर चौकटीसारखे चोवीस ठिपके असतात इथपर्यंत बारकाईनें वर्णन लिहून ठेविलें, म्हणजे पुढें कोणी फसूं नये.

धोत्र्याच्या बाबतींत तर त्यानें स्वतःच्या देहावर प्रयोग केला. धोत्र्याचीं फुलें हंसत तोडून मद्यांत घातलीं तर पिणारा हंसतो, आणि नाचत तोडलीं तर नाचतो, अशी लोकांत समजूत होती. शिझेन यानें तें मद्य पिऊन पाहिलें. त्याच्या ध्यानांत आलें कीं पिणारा अर्धवट गुंगींत असतांना दुसरा कोणी समोर हंसला किंवा नाचला, तरच तो त्याचें अनुकरण करितो. फुलें कशीं तोडलीं याचा त्याच्याशीं संबंध नाहीं. त्या गुंगीचा उपयोग गळूं कापतांना वेदना कळूं नयेत म्हणून कसा करावा, हेंही त्यानें लिहिलें. बालमित्रांनो, धोत्रा हें भयंकर विष आहे, आणि या गोष्टीचें अनुकरण कोणीं स्वप्नांतही करूं नये. सांगावयाचें तें एवढेंच, कीं ऐकीव गोष्ट लिहून ठेवणें त्याला सोपें होतें, पण तें त्यानें केलें नाहीं.

महारोगावरील एका तेलाविषयींची त्याची नोंद आपल्या विशेष परिचयाची वाटेल. दक्षिण समुद्राकडील देशांतून येणाऱ्या एका बियांचें तें तेल. सह्याद्रींत होणारें कडू कवठ हें त्याच जातीचें झाड, आणि याच्या बियांचें तेल विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत आपल्याकडील महारोग्यांच्या दवाखान्यांत मिशनरी डॉक्टर वापरीत असत. शिझेन यानें त्या तेलाचा गुण सांगितला. पण अडाणी वैद्य तें भलतेंच देतात, आणि रोग बरा होण्यापूर्वींच रोग्याची दृष्टि जाते, असेंही बजाविलें. औषधाची थोरवी गाणारे पुष्कळ असतात. त्याचा अपाय सांगणारा विरळा.

अशीं सुमारें सत्तावीस वर्षें गेलीं. मधल्या काळांत, इ. स. १५६४ मध्यें, त्यानें नाडीपरीक्षेवर विद्यार्थ्यांस पाठ करितां यावें असें एक छोटें पद्यमय पुस्तक लिहिलें. मुख्य ग्रंथाचा मसुदा त्यानें तीन वेळां आमूलाग्र बदलला. अखेर इ. स. १५७८ मध्यें, साठीच्या उंबरठ्यावर, तो पुरा झाला. त्याचें नांव बेनत्साओ गांगमू. म्हणजे औषधिद्रव्यांचे मुख्य विभाग व त्यांचे पोटभेद. त्याचे खंड ५२, त्यांत वर्णिलेलीं द्रव्यें १८९२, आणि रोगांवरचे पाठ ११,०९६. द्रव्यांपैकीं ३७४ हीं त्यानें स्वतः नव्यानें घातलेलीं. अक्षरसंख्या सुमारें एकोणीस लक्ष. या साऱ्या पसाऱ्याची मांडणी त्यानें सोळा वर्गांत केली. आरंभीं पाणी, अग्नि, माती. मग धातु व खनिजें. मग वनस्पति, धान्यें, भाज्या, फळें, वृक्ष. पुढें कीटक, जलचर, पक्षी, पशु आणि शेवटीं मनुष्य. प्रत्येक द्रव्याखालीं त्याचीं निरनिराळीं नांवें, तें होतें कोठें व दिसतें कसें, मागील ग्रंथकारांच्या चुका, शुद्ध करण्याची कृति, गुण, उपयोग आणि पाठ, असा ठरीव क्रम. ज्याला जें हवें तें त्याला शोधतां यावें, हा त्यांतला हेतु. हुआंगछिनचें प्रकरणही या क्रमानेंच येतें. आणि गुणवर्णनाच्या मध्येंच त्या विसाव्या वर्षींच्या दुखण्याची हकीकत येते, तेव्हां हजारों द्रव्यांच्या या कोठारांत एका माणसाच्या हृदयाचे ठोके ऐकूं आल्यासारखे वाटतात.

ग्रंथ पुरा झाला, पण तो छापावा कोणी? त्या काळीं प्रत्येक पान लांकडी फळीवर उलट्या अक्षरांत कोरावें लागे. बावन्न खंडांच्या फळ्या कोरविण्याचा खर्च एका खेड्यांतल्या वैद्याला झेपणारा नव्हता, आणि प्रकाशक त्या खर्चास भिऊन मागें सरत. इ. स. १५८० मध्यें तो वांग शिझेन नांवाच्या नामांकित साहित्यिकाच्या भेटीस गेला. दोघांच्या नांवांचा उच्चार बहुतेक एकच, परंतु एक मोठा अधिकारी व विद्वन्मान्य लेखक, तर दुसरा तीन वेळां नापास झालेला वैद्य. या लेखकाची प्रस्तावना मिळाली तर ग्रंथास प्रकाशक मिळेल, अशी त्याची आशा होती. ती प्रस्तावना हातीं पडण्यास इ. स. १५९० साल उजाडावें लागलें. तेवढी दहा वर्षें हा वृद्ध ग्रंथकार वाट पाहत राहिला. मग नानकिंग येथील हू छंगलुंग नांवाच्या प्रकाशकानें काम हातीं घेतलें. मुलांनीं व नातवांनीं चित्रें व प्रती सिद्ध करण्यांत हातभार लाविला. चित्रांची संख्याच अकराशेंहून अधिक भरली.

परंतु छापलेला ग्रंथ पाहण्याचें भाग्य ली शिझेन याच्या कपाळीं नव्हतें. इ. स. १५९३ मध्यें, वयाच्या सुमारें पंचाहत्तराव्या वर्षीं, त्याचें देहावसान झालें. आपल्या लाडक्या सरोवराजवळच त्याला मूठमाती देण्यांत आली. तीन वर्षांनीं, इ. स. १५९६ मध्यें, ग्रंथ बाहेर पडला. त्याच वर्षीं त्याचा मुलगा ली च्येनयुआन हा वडिलांनीं मरणापूर्वीं लिहून ठेविलेला अर्ज व ग्रंथ घेऊन बादशहाच्या दरबारीं गेला. ग्रंथ पाहण्यासाठीं ठेवून घ्यावा आणि खात्यास कळवावें, एवढा शेरा मिळाला. पुढें कांहींच घडलें नाहीं.

जें काम दरबारानें केलें नाहीं तें वाचकांनीं केलें. इ. स. १६०३ मध्यें दुसऱ्या प्रांतांत नवी आवृत्ति निघाली, १६०७ पर्यंत ग्रंथ जपानांत पोंचला, आणि त्यानंतर त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत राहिल्या. इ. स. १७३५ मध्यें त्यांतील वेंचे फ्रेंच भाषेंत प्रसिद्ध झाले. एकोणिसाव्या शतकांत शिझेनच्या हूबै प्रांतांतच, हान्कौ शहरीं, पोर्टर स्मिथ नांवाचे मिशनरी डॉक्टर दवाखाना चालवीत असत. चिनी औषधें समजून घेतल्यावांचून चिनी रोग्यांची सेवा नीट होणार नाहीं हें ओळखून त्यांनीं इ. स. १८७१ मध्यें त्यांवर इंग्रजींत एक पुस्तक लिहिलें. पुढें स्टुअर्ट नांवाच्या दुसऱ्या मिशनरी डॉक्टरांनीं तें वाढवून १९११ सालीं प्रसिद्ध केलें. दोघांच्याही श्रमांचा पाया शिझेनचा ग्रंथ हाच होता. इ. स. २०११ मध्यें युनेस्को संस्थेनें जगानें जतन करण्याजोग्या लेखांच्या यादींत त्याचा समावेश केला. पहिल्या आवृत्तीच्या प्रती आतां जगांत मोजक्याच उरल्या आहेत.

या ग्रंथांत चुका नाहींत असें मात्र नाहीं. कुजक्या गवतापासून काजवे उत्पन्न होतात अशासारख्या त्या काळच्या समजुती त्यांत आहेत. कित्येक पाठ आज कोणी वापरणार नाहीं, व वापरूंही नयेत. परंतु दुसऱ्याची चूक दाखविण्याची व स्वतः पाहून लिहिण्याची जी रीत त्यानें घालून दिली, तिच्याच आधारें पुढच्या लोकांनीं त्याच्याही चुका दाखविल्या. यांत त्याचा गौरवच आहे. हुआंगछिनच्या मुळांतील पिवळीं द्रव्यें रसायनशास्त्रज्ञांनीं वेगळीं केलीं आहेत, आणि त्यांच्या गुणांचा कसून अभ्यास चालूं आहे. त्याबरोबरच ती मुळी घेतल्यानें क्वचित् यकृतास इजा होते, हेंही आढळून आलें आहे; तेव्हां ती तज्ज्ञाच्या सल्ल्यावांचून घेण्याची वस्तु नव्हे. फार खणली गेल्यामुळें रानांतली ती मुळी आतां कमी झाली आहे, आणि चीनमध्यें बहुतेक पीक शेतांत लावून काढितात. ज्या रानानें एका तरुणाला जीवदान दिलें, त्या रानालाच आतां माणसानें जपण्याची पाळी आली आहे.

पालकहो, ज्या मुलास तीन वेळां परीक्षेच्या यादींत आपलें नांव दिसलें नाहीं, त्यानें १८९२ द्रव्यांचीं नांवें शुद्ध केलीं. त्याच्या वडिलांनीं अपयशी मुलास टाकून बोललें असतें, किंवा हट्टानें चौथ्यांदा परीक्षेस बसविलें असतें, तर काय झालें असतें, याचा विचार आपण अवश्य करावा. त्यांनीं मुलास एकदां काढा देऊन वांचविलें आणि एकदां त्याच्या आवडीची वाट मोकळी करून देऊन वांचविलें. दुसरें जीवदान पहिल्याहून लहान नव्हतें.

आणि विद्यार्थिमित्रहो, पुढच्या सुट्टींत डोंगर चढतांना पायांजवळच्या एखाद्या अनोळखी रोपट्यापाशीं क्षणभर थांबा. तें तोडूं नका, तोंडांत तर मुळींच घालूं नका. त्याचें पान पाहा, फूल पाहा, आणि गांवांतल्या एखाद्या वृद्ध गुराख्यास त्याचें नांव विचारा. घरीं आल्यावर तें वहींत लिहून ठेवा. पर्जन्यसरोवराच्या कांठच्या त्या वैद्याचें काम अशाच एका नोंदीनें सुरू झालें होतें.